रक्त नाही निघालं म्हणून

प्रिय शालू,

इकडे सर्व खुशाल असं लिहायची रीत आहे, पण मी लिहीत नाही, कारण सर्व खुशाल नाही. माझं डोकं फुटता फुटता राहिलं. तुझ्या भावानं फोनवर सांगितलंच असंल, पण चिंतामण कसा सांगतो ते मले ठाऊक आहे. 'वंदी पडली, आता बरी आहे,' एवढ्यात त्याचा कारभार आटोपला असंल. दुसरं असं, की तुझ्या आरोहीच्या सोयरिकीसाठी धामणगाव बढ्याचे पाहुणे मामकुळ पाहायले आपल्या रोहिणखेडात येऊन गेले. आईचं माहेर कसं आहे ते पाहिल्याबिगर आपल्यात कोणी पोरगी करत नाही, हे तर चालतच आलं. ते चिंतामणकडं आले हे तुले माहीत आहे. ते उठून माझ्याकडंही आले हे माहीत नसंल. त्यांनी तुझी ती जुनी गोष्ट विचारली. घाबरू नको अन् पत्र बाजूले ठेवू नको. सोयरीक मोडली नाही, पण जमलीही नाही, मधात लटकून राह्यली. ते मी पुढं लिहिते. आधी माझं डोकं, मंग तुझं. काऊन ते वाचशील तेव्हा कळंल.

फोन काऊन केला नाही म्हणशील. डॉक्टरनं मोबाईल हातात धरायले बंदी केली आहे, त्या काचेचा उजेड थेट मेंदूत घुसतो. शिवाय फोनवर तू 'हाव, हाव' म्हणते अन् मनातलंच करते. कागदाले हाव म्हणता येत नाही. मी चौथी शिकली अन् तू सातवी, तर तू माझं शुद्धलेखन तपासत बसशील. बस. एका दमात मले लिहिता येत नाही. थोडं लिहिलं की ओळी पाण्यात पडल्यासारख्या हलतात, मंग डोळे मिटून पडते, मंग पुन्हा पेन शोधते. जिथं शाईचा रंग बदलला तिथं मी झोपून उठली असं समज.

तर झालं असं. यंदाचा कापूस आम्ही मागच्या खोलीत छतापर्यंत भरून ठेवला होता. संक्रांतीच्या आधी विकायचं ठरलं अन् अंगणात ट्रॅक्टरची ट्रॉली लागली. ट्रॉलीत कापूस नुसता टाकून भागत नाही हे तुले सांगायले नको. वर चढून पायानं तुडवावा लागतो, कोपरे दाबावे लागतात, तेव्हा कुठं खोली ट्रॉलीत मावते. मजूर लावला होता, तो असा तुडवून राह्यला होता जसा नव्या गादीवर नवरदेव. मले पाहवलं नाही. पदर खोचला अन् चाकावर पाय देऊन चढली. सून पुष्पांजली खालून म्हणाली, 'आई, उतरा, पडसान.' मी म्हणलं, 'तू जन्मली नव्हती तेव्हापासून मी कापूस तुडवून राह्यली.' हे मले आठवत नाही, तिनं मागून सांगितलं, अन् थोडं तिखट-मीठ लावूनच सांगितलं. मले त्या दिवसाचं काहीच आठवत नाही. सकाळचा चहा आठवतो, अन् त्यापुढं एकदम बुलढाण्याच्या दवाखान्याचं पांढरं छत. मधलं सगळं जसं उंदरानं खाल्लं. ड्रायव्हरले वाटलं बाई उतरली, त्यानं ट्रॅक्टर एक हिसका पुढं घेतला, अन् मी मागच्या मागं आमच्या ओट्यावर. डोक्याचा मागचा भाग फरशीच्या कडेले लागला. पोतं पडल्यासारखा आवाज आला म्हणतात.

पण रक्त निघालं नाही. शेजारच्या बायका धावल्या, माझी वेणी सोडली, केसात बोटं घालून पाह्यलं, अन् सगळ्यांचा जीव खाली पडला. 'रक्त नाही ना, मंग काही नाही.' दवाखान्यात मशीनच्या बोगद्यात घालून डोक्याचा फोटो काढला. हाड साबूत, आत रक्त साचलेलं नाही. डॉक्टर पुढं आणखी काही सांगून राह्यला होता, पण आमच्या मालकानं 'साबूत' एवढंच ऐकलं अन् जीप ठरवायले बाहेर गेले. मीही तेवढंच ऐकलं, खोटं काऊन बोलू. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून भाकरी थापायले बसली, तर परात माझ्याभोवती फिरायले लागली. वरणात मीठ टाकलं, टाकलं हे विसरून पुन्हा टाकलं, अन् पुन्हा. आमचा पोरगा दीपक घास तोंडात घेऊन माझ्याकडं पाहत राह्यला. मी त्याच्यावर खेकसली अन् मंग लहान पोरीसारखी रडली, काऊन ते अजून मले ठाऊक नाही. मी रडणारी बाई आहे का? माझी माय गेली तेव्हाही मी आधी पाहुण्यांच्या चहाचं पाह्यलं होतं. उजेड डोळ्यात सुईसारखा. शब्द तोंडाशी येऊन परत जायचे. लोटा पाहिजे असला की 'ते, ते' म्हणत बोट दाखवायची. अन् फोटो तर साबूत. मंग गल्लीत सुरू झालं. 'वंदनाबाईच्या डोक्यात फरक पडला.' एकीनं सुनेले सांगितलं, लिंबू उतरवून चौकात टाक. भिंतीपलीकडून मी सगळं ऐकलं. कान तर चांगलेच चालत होते, जरा जास्तच.

पुन्हा बुलढाण्याले नेलं. या वेळी डॉक्टरनं मालकाले खुर्चीत बसवून ठेवलं, उठू दिलं नाही. पोरगाच आहे, आमच्या दीपकपेक्षा थोडासा मोठा, पण समजावायची रीत चांगली. म्हणाला, 'काका, मडक्यात दही लावलं अन् मडकं आपटलं. मडक्याले तडा गेला नाही. आतल्या दह्याचं काय झालं?' आमचे मालक म्हणाले, 'मोडलं.' 'मंग तसंच हे. फोटोत मडकं दिसते. दही मोडलेलं फोटोत दिसत नाही. ते पुन्हा जमंल, पण त्याले हलवू नका.' म्हणून मंग डोक्यावर ओझं नाही, फटफटीवर बसणं नाही, टीव्ही नाही, गर्दी नाही, भांडण नाही. भांडण नाही म्हणल्यावर आमचे मालक मी पडल्या दिवसापासून पहिल्यांदा हसले.

आमच्या घरात अंधाराची खोली एकच, ती कापसाची. माझ्याबिगर कापूस गेला, खोली रिकामी झाली, तिथं माझी खाट टाकली. भिंतीच्या भेगात तंतू अडकलेले, कोपऱ्यात सरकी, अन् तो वास. उन्हात तापलेल्या कापसाचा गरम वास, जरासा तेलकट. दिवसभर पडून राहायचं, करायचं काही नाही. माझ्यासारख्या बाईले ही शिक्षाच. पुष्पांजली वाटी घेऊन आत आली की तिच्या पैंजणांचा आवाज डोक्यात खिळे ठोकल्यासारखा व्हायचा. मी काही बोलली नव्हती, पण एके दिवशी ती आली अन् आवाजच आला नाही. पाय पाह्यले तर मोकळे. लग्नाले वर्ष नाही झालं त्या पोरीचं. 

अन् कालचं जेवण आठवत नव्हतं, पण त्या वासात पडल्या पडल्या मले तुमच्या घरची कापसाची खोली दिसायची. सैपाकघराच्या मागं, वर सागवानी माळा, त्याले शिडी. तुझे बाबा कुलूप घालायचे, कारण पोट्टे आत शिरले की कापसात काडीकचरा जातो अन् व्यापारी नाक मुरडतो. किल्ली तुझ्या आईच्या, तानुकाकूच्या, कनवटीले. ती दुपारी झोपली की तू ती किल्ली अशी काढायची की तिचं घोरणं तुटायचं नाही. मंग माळ्यावर चढायचं अन् उडी. पहिली उडी नेहमी तुझी. मी वर उभी राहून देवाचं नाव घ्यायची, तू मी नाव घ्यायच्या आत खाली. कापसात माणूस पडला की आवाज होत नाही, नुसता 'हुं' होतो, जशी गाय बसते. कमरेपर्यंत आत जायचो आपण, नाकात तंतू, अंगाले खाज, अन् हसू मुठीत दाबायचं, कारण भिंतीपलीकडं तानुकाकू. तेवढं हसणं मी पुढं कधी हसली नाही, माझ्या लग्नातही नाही. गावातच दिलेली पोरगी, माहेर-सासर दोन गल्ल्यांवर, हसायले काय होतं त्यात.

तू पडली त्या दिवशी सकाळीच तुझ्या बाबांनी थोडा कापूस विकला होता. गाडीवाल्यांनी मागच्या दारातून काढून नेला. समोरून ढीग होता तसाच उभा, माळ्याखाली मात्र थर पातळ झालेला. ते आपल्याले कुठं ठाऊक. तू उडी मारली अन् या वेळी आवाज आला. ओल चढू नये म्हणून कापसाखाली फळ्या टाकत असत, त्या फळीवर तुझं डोकं गेलं. तू डोळे उघडे ठेवून पडली होती. मी वरून म्हणलं, 'ऊठ ना बे शाले.' तू माझ्याकडं पाहून म्हणली, 'कोण?' मले वाटलं नकला करून राह्यली, मी हसली. मंग तू ओकली. मी तानुकाकूले हाक मारली. मार दोघींनीही खाल्ला, तो तर खायचाच होता. तानुकाकूनं तुझं डोकं चाचपलं, टेंगूळ होतं, त्यावर हळद-चुना लावला अन् म्हणाली, 'रक्त नाही निघालं. नाटकं नको करू, ऊठ.'

ती तुझी नाटकं मी जवळून पाह्यली. तू ज्वारीच्या कणग्यांमागं अंधारात जाऊन बसायची, डोक्याले फडकं आवळून बांधलेलं. मी विचारायची काय झालं, तू म्हणायची, 'उजेड टोचते.' उजेड टोचतो म्हणजे काय ते मले त्या वयात कळलं नाही. माणसाले काटा टोचतो, उजेड कसा टोचंल? यंदा कळलं. शाळेत मास्तरनं बाराचा पाढा विचारला, तू मधातच थांबली अन् फळ्याकडं पाहत उभी राहिली, जशी कोणी तिथं पुसून टाकलेलं शोधते. मास्तरनं छडी मारली, तू हातही मागं घेतला नाही. मंग तुमच्या घरासमोरून ती वरात गेली. डफडं वाजलं अन् तू दोन्ही कानांवर हात दाबून दारातच किंचाळली, अख्ख्या वरातीसमोर. नवरदेवाचं घोडं बिचकलं. तिथून गावात सुरू झालं. शालीले बाहेरचं आहे. शाली येडी झाली.

मंग अंगारे, मंग लिंबं, मंग ती निंबाच्या पाल्याची धुरी. दार लावून तुले धुरापुढं बसवायचे. डोकं आधीच ठणकून राह्यलेलं, त्यात धूर. तू ओरडायची, अन् तू जेवढी ओरडायची तेवढी त्यांची खात्री व्हायची. मी दारात उभी राहायची, मले हाकलून द्यायचे. म्हणायचे, तुलेही लागंल. अन् मागच्या महिन्यात काय झालं पाह. पुष्पांजलीनं संध्याकाळी माझ्या खोलीत उदबत्ती लावली, त्या वासानंच मले भडभडून आलं. मी म्हणलं, 'विझव ते आधी.' तिनं विझवली. बस, एवढंच झालं. ती उदबत्ती घेऊन बाहेर गेली, अन् मी भिंतीकडं तोंड करून पडली, अन् मले तुझं ओरडणं ऐकू आलं. मी म्हणलं, अरे बाप्पा, शालीले हेच होतं. अगदी हेच.

अन् पुढची गोष्ट तर गाव सांगतच नाही. तू बरी झाली. पोळा झाला तोवर तुझ्या डोक्याचं फडकं सुटलं होतं, तू पुन्हा चिंचेवर चढून राह्यली होती. भादव्यात तू भुलाबाई बसवली. त्याच्या आधीच्या वर्षी तुमच्या अंगणात पोरी मावत नव्हत्या. गाणी तुलेच सगळी यायची, अन् खाऊ ओळखण्यात तर तुझा हात कोणी धरत नव्हतं. झाकलेला डबा कानाशी धरून हलवायची अन् सांगून टाकायची, फुटाणे, चिवडा, लाडू. पोरी रुसायच्या, म्हणायच्या शालीले पाळी देऊ नका. त्या वर्षी मात्र एकही पोरगी आली नाही. आयांनी पाठवल्याच नाहीत. मी एकटी आली. आपण दोघींनीच टिपऱ्या खेळल्या, दोघींनीच सगळी गाणी म्हणली, एका ओळीवर तू अन् एका ओळीवर मी. तानुकाकूनं डबा आणला. तू कानाशी धरून हलवला अन् म्हणली, 'खोबऱ्याची वडी. अन् आई, एक वडी तू खाऊन पाह्यली.' खरंच खाल्ली होती तिनं. मी लोळून लोळून हसली. तानुकाकू हसली नाही. तोंडाले पदर लावून आत गेली. बरी झालेली पोरगी तिच्यासमोर बसली होती, अन् अंगणात कोणी नव्हतं.

मंग शाळा सुटली. मंग लग्नाचं वय आलं तेव्हा धाडचं स्थळ काढलं, आपल्या लोकांत कोणाले ठाऊक नसंल अशा गावचं. तुझे मालक सोन्यासारखे आहेत, त्यात मी काही बोलत नाही. पण बाजाराच्या दिवशी जीपनं माणसं येतात-जातात, अन् माणसांबरोबर गोष्टही जाते. तुझ्या आधी ती धाडले पोचली. मी तुझ्याकडं आरोहीच्या बारशाले आली होती ना, तेव्हाच पाह्यलं. पोरगी तुझी, अन् पाळण्यापाशी तुझी जाऊ सिंधूताई. चहा तू करते, अन् कप सिंधूताई नेते. पाहुणे आले की तू मागच्या घरात. तुले कोणी बस म्हणत नाही, तू आपोआप बसते. मी तेव्हा रागानं तुले म्हणलं होतं, 'काऊन बसली इथं कोंबडीसारखी?' तू म्हणली, 'मले समोर काही सुचत नाही, डोक्यानं कमी आहे मी.'  ते तुझं बोलणं माझ्या ध्यानात राह्यलं.

माझं म्हणशील तर सुधारून राह्यलं. पहिले दारापर्यंत, मंग ओट्यापर्यंत, मंग उतरत्या उन्हात नळापर्यंत. मले थांबता येत नाही हे तुले ठाऊक आहे. एक दिवस बरं वाटलं तर पाण्याचा गुंड भरून डोक्यावर घेतला, तर पुन्हा खाटेवर, पुन्हा अंधार, अन् आमचे मालक खाटेपाशी बसून भिंतीले शिव्या देऊन राह्यले, कारण माझ्याशी भांडायले डॉक्टरची मनाई. आता वरणात मीठ एकदाच पडते. लोट्याले लोटा म्हणता येते. पण बाजारात गेली की अजून डोकं भरून येते, अन् कधी कधी उगाच रडू येते. डॉक्टर म्हणाला तेही जाईल. मी विचारलं, 'काहीच औषध केलं नाही, वरून त्रासच दिला, तर माणूस बरं होते का?' तो म्हणाला, 'होते, पण लय अवघड.' मी कोणाबद्दल विचारून राह्यली होती ते त्याले काय माहीत.

आरोही मले पाहायले आली होती, हे तिनं तुले सांगितलं का? बुलढाण्याहून ऑफिस सुटल्यावर बसनं आली. अंधारात खाटेवर माझ्या पायाशी बसली.  मंग एकदम म्हणाली, 'मावशी, आई म्हणते पाहुण्यांसमोर सिंधूकाकू बसतील, मी मागं राहीन. म्हणते मी समोर आली तर तुझं जमणार नाही.'  तिले तो धामणगावचा पोरगा सोहम पसंत आहे, शालू. सोबत काम करतात दोघं, तिनं तोंडानं सांगितलं नाही पण नाव घेताना आवाज बदलतो, तेवढं मले अंधारातही कळते. मी तिले म्हणलं, 'तू जाय, मी पाहते.' काय पाहणार होती ते मलेही ठाऊक नव्हतं.

अन् मंग ते आले. सोहमचे वडील शेषराव अन् त्यांची मोठी बहीण अन्नपूर्णाबाई. घरात चालते त्या बाईचंच, शेषराव नुसते टोपी सांभाळतात. आधी चिंतामणनं चहा पाजला अन् सांगितलं, माझी बहीण लाखात एक, असं काही नव्हतंच. नव्हतंच म्हणल्यावर बाईले शंका आली. चौकात कोणीतरी जीभ सैल सोडली. त्याच माणसानं सांगितलं म्हणतात, की वंदनाबाईले विचारा, ती तोंडावर खरं बोलते, कोणाले आवडो न आवडो. बाई माझ्या खोलीत आली अन् म्हणाली, 'इतका अंधार?' मी म्हणलं, 'बसा, डोळे जमतात थोड्या वेळानं.' तिनं सरळच विचारलं, 'पोरीची आई लहानपणी येडी होती म्हणतात, खरं का?' मी म्हणलं, 'गाव तिले येडी म्हणे, हे खरं.' शेषराव उठायलेच लागले. बाईनं त्यांचा हात धरून खाली बसवलं.

मी सगळं सांगितलं. उडी, फळी, टेंगूळ, पाढा, वरात, धूर. अन् मंग माझं सांगितलं, मीठ, लोटा, रडणं, लिंबू. म्हणलं, 'मी आता तुमच्याशी नीट बोलून राह्यली की नाही? दोन महिन्यांआधी आल्या असत्या तर तुम्हीही म्हणल्या असत्या, ही बाई गेली.'  बाई दारात उभ्या पुष्पांजलीकडं पाहून म्हणाली, 'सूनबाई, तुले काय वाटलं होतं?' मले वाटलं आता पुष्पांजली काही गोड बोलंल. ती म्हणाली, 'मले तर वाटलं सासूबाईचं डोस्कं फिरलं. मी माहेरी फोन करून सांगितलंही होतं. मंग डॉक्टरनं समजावलं तेव्हा लाज वाटली.' शेषराव खोकल्यासारखं हसले. बाई नाही हसली. तिनं पाण्याचा गिलास खाली ठेवला अन् म्हणाली, 'तुमचं मले पटलं. पण एक सांगा, ती स्वतः काऊन सांगत नाही? भाऊ म्हणते नव्हतंच. मैतरीण म्हणते मार लागला होता. अन् आई मागच्या घरात बसते म्हणतात. डोक्याले मार लागला म्हणून मी पोरगी नाकारणार नाही. पण ज्या घरची आई लपून बसते, त्या घरात काय काय लपलं असंल ते मी कसं जाणू?' मले तिचा राग यायले पाहिजे होता, शालू. आला नाही. तिच्या जागी मी असती तर मीही हेच विचारलं असतं.

म्हणून हे पत्र. होळी झाल्यावर, पाडव्याच्या आधीच्या रविवारी ती बाई धाडले येणार आहे. चिंतामण तुले नुसतं 'पाहुणे येतील' म्हणंल, म्हणून मी सांगून ठेवते की ती पोरीले पाहायले नाही, तुले ऐकायले येणार आहे. मी येत नाही. डॉक्टर जीपमध्ये बसू देत नाही, अन् दिलं असतं तरी मी तुझ्यासाठी दुसऱ्यांदा बोलली नसती. सिंधूताईले म्हणजो, त्या दिवशी तुम्ही आत राहा. अन् तू समोर बसजो. ती विचारंल. शब्द सापडले नाहीत तर थांबजो, ती थांबंल, तशी बाई आहे. काय सांगायचं म्हणून रात्रंदिवस जीव खाऊ नको. तू खेळता खेळता पडली, डोक्याले मार बसला, कोणाले कळलं नाही, एवढंच सांगायचं आहे. अन् माझं एक तिले सांगायचं राहून गेलं, ते तुले सांगते. मले दवाखाना होता, डॉक्टर होता, सून पाण्याचा गिलास तोंडाशी धरत होती, आमचे मालक दारावरून डफडंवाल्यांले परत पाठवत होते, तरी मी अजून पुरती उभी नाही. तुले कोणीच नव्हतं. छडी होती अन् धूर होता, अन् मी होती ती दाराबाहेर. तेवढ्याशा पोरीनं कणग्यांमागं बसून स्वतःचं डोकं स्वतः बरं केलं, अन् बरं करून भुलाबाईची सगळी गाणी म्हणली, अन् त्यानंतर जन्मभर आपल्याले डोक्यानं कमी म्हणत आली. मी त्या दिवशी अंगणात होती. मी पाह्यलं आहे. रविवारी आरोहीलेही ऐकू दे.

तुझीच, घाईची अन् कोणाचं न ऐकणारी,
वंदी